स्वयंपाकघराचं वजन

२ जानेवारी

बाबांच्या घरगाडीची जबाबदारी आज अधिकृतपणे माझ्यावर आली. अधिकृतपणे म्हणजे जेवताना, सगळ्यांसमोर. सगळे म्हणजे आम्ही तिघं आणि विरजण मागायला आलेल्या शेजारच्या गोदावरीबाई.

बाबांनी चिखल्याच्या मँगनीज खाणीत जमिनीखाली पाणी उपसणारा पंप चालवण्यात हयात घालवली. दिवाळीआधी निवृत्त झाले आणि दुसऱ्याच आठवड्यात मोबाइलवर एका अमेरिकन जोडप्याचा व्हिडिओ पाहिला. पिकअपमागे पूर्ण घर, त्यात पलंग, खिडकी, स्वयंपाकाचा ओटा. बाबांनी समुद्र कधी पाहिलेला नाही. आईनेही नाही. तेव्हा अशाच घरातून दोघांनी पुरीला जायचं, ३ फेब्रुवारीला निघायचं, असं त्यांनी ठरवलं. पिकअप जुनी, दोन केबिनची, घेऊन झाली आहे. घर तुमसरला ईश्वर मिस्त्रींकडे बनत आहे.

आई एवढंच म्हणाली, “पुरीले रेल्वे जाते ना. धर्मशाळा आहेत तिथं.”

“धर्मशाळेत तुह्या हातचं जेवण भेटते का?” बाबा म्हणाले. “बाहेरचं मले पचत नाही. आपलं किचन आपल्यासंग पाहिजे. तुह्यासाठीच तं बनवून राहिलो.”

आई ताटातला भात बोटांनी सारखा करत राहिली.

हे घर साध्या ट्रॉलीसारखं मागच्या हुकाला अडकत नाही. त्याचा पुढचा उंच भाग पिकअपच्या हौद्यावर येतो आणि हौद्यात बसवलेल्या लोखंडी टेबलावर टेकतो, मोठ्या ट्रेलरचं असतं तसं. म्हणजे घराच्या वजनाचा पाचवा हिस्सा किंवा थोडा जास्तच पिकअपच्या पाठीवर पडतो. बाबांचं म्हणणं, घराला स्वतःची चाकं आहेत, पिकअपवर कायचा भार? जगातल्या बहुतेक लोकांना असंच वाटत असावं.

मी मेकॅनिकलची पदविका घेतली आहे आणि मँगनीज वाहणाऱ्या एका ठेकेदाराकडे गाड्यांची देखभाल बघते. जास्त भरलेली गाडी मी फाटकातून सोडत नाही. घरीही तीच अट घातली. वजनकाट्यावर भार मर्यादेत आला तरच चावी मिळेल.

बाबा खूश झाले. “काटाबाई घरातच आहे आपल्या. कायले चिंता?”

हे नाव मला ड्रायव्हर लोकांनी दिलं आहे. मला ते ठाऊक नाही असा त्यांचा समज आहे. बाबांना कोणी सांगितलं?

६ जानेवारी

आई-बाबांबरोबर ईश्वर मिस्त्रींच्या कारखान्यात गेले. ते आयुष्यभर धानाच्या ट्रॉल्या बनवत आले आहेत आणि घरालाही तेच लोखंड लावलं आहे.

“एवढं जाड कशाला?” मी विचारलं. “हे घर आहे.”

“घर आहे म्हणूनच पातळ लावलं, बाई. ट्रॉली असती तं याच्या दुप्पट लावलं असतं.”

स्वयंपाकघर पुढच्या उंच भागात आहे, म्हणजे बरोबर त्या लोखंडी टेबलाच्या डोक्यावर. तिथे ठेवलेला प्रत्येक किलो जवळजवळ पूर्ण पिकअपवर येणार. ओटा खऱ्या ग्रॅनाइटचा आहे. बाबांचा आग्रह. दारावर त्यांनी पेंटरकडून आईच्या नावाने ‘कुंता किचन’ असं लिहून घेतलं आहे, दोन्ही बाजूंना एकेक फूल. मधल्या भागात पलंग आणि पलंगाला लागून मोठी काचेची खिडकी. बाबा त्या खिडकीशी बराच वेळ उभे होते. बाहेर फक्त भंगारवाल्याची भिंत होती.

आईने किचन पाहिलं. “मस्त आहे,” म्हणाली. ग्रॅनाइटवर हात ठेवला आणि मिस्त्रींना विचारलं, “हे किती जड असन?” आईला अशा गोष्टीत रस असेल असं वाटलं नव्हतं.

९ जानेवारी

पहिलं वजन. जागा, भात गिरणीचा धरमकाटा. पिकअपची चारही चाकं काट्यावर, घराची चाकं काट्याबाहेर. यात पिकअपवर खरोखर किती भार आला ते कळतं. काटा पाहणारे पुंडलिकराव घराभोवती दोनदा फिरले. “धान कुठी आहे याच्यात?” धान नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला.

पिकअपची भारक्षमता नऊशे किलो. आई-बाबा, लोखंडी टेबल आणि घराचा पिकअपवर पडणारा हिस्सा धरून नव्वद किलो शिल्लक राहिले. ओढण्याची मर्यादा वेगळी असते, तीही आत बसली. आरटीओचे कागद झालेत.

मी समाधानी आहे.

११ जानेवारी

चाचणी सहल, गोसीखुर्द धरण. बाबांचे मावसभाऊ तिथे पुनर्वसनाच्या गावात राहतात. बाबांनी फोन करून सांगितलं होतं, “जेवाले या, किचन संगच आहे.” अकरा माणसं आली. मासेही घेऊन आली.

ब्रेक ठीक. वळणावर घर थोडं बाहेर जातं, बाबांना सवय होईल. ओट्याखालचा नळ गळतो.

बाबा आणि सगळे पाण्याकाठी बसले. परत येताना बाबांनी आईला विचारलं, “धरण कसं वाटलं?”

“पाहिलंच नाही,” आई म्हणाली. “खिडकी तं माह्या पाठीमागं, पलंगाजवळ. मले तं भिंत दिसत होती, आन् दारावरचं तुमचं फूल.”

शेगडीसमोर एक फूट बाय एक फूट खिडकी सुचवली आहे. वजनात फारसा फरक पडणार नाही.

१२ जानेवारी

संध्याकाळी अंगणात आई आणि गोदावरीबाई बोलत होत्या. मी घरात टायरचा दाब लिहून काढत होते, त्यामुळे अर्धवट ऐकलं.

आई म्हणत होती, “समुद्र पाहाची मलेही हौस आहे वो. पण समुद्रावर जाऊनही मी भाजीच चिरीन.”

“मंग सांग ना भाऊजीले.”

“एवढ्या हौसेनं बनवलं त्यायनं. नाव टाकलं माहं. कसं सांगू, तोंड उतरन त्यायचं.”

रात्री आईने मला गाठलं. “गुड्डी, वजन जास्त भरलं तं काय होते?”

मी सांगितलं, जास्तीची वस्तू काढावी लागते.

“कोणती काढाची ते कोण ठरवते? तुहे बाबा?”

“काटा ठरवतो. जी वस्तू जास्त भार टाकते ती आधी.”

“काट्यापुढे कोणाचंच चालत नाही?”

“नाही.”

“आन् किचनमधलं सामान बाकीच्यापेक्षा जास्त भार टाकते, असं तू म्हणत होती.”

मी आकृती काढून समजावलं. तिने आकृती नीट पाहिली, घडी घालून कमरेला खोचली. तीस वर्षांत बाबांना जे कळलं नाही ते हिला दहा मिनिटांत कळलं. तिला शिकायला मिळायला हवं होतं.

१९ जानेवारी

संक्रांतीची हळदीकुंकवं चालू आहेत. मागच्या वर्षी आई गुडघ्यामुळे एकाही घरी गेली नव्हती. या वर्षी कॉलनीतलं एक घर सोडलेलं नाही. काल तर शेजारच्या गावात जाऊन आली. गुडघा बरा असावा.

प्रत्येक घरून वाण मिळतं. डबा, गाळणी, परात, पोळपाट. आई सगळं घरगाडीत नेऊन ठेवते. मी विचारलं, इतक्या चाळण्या कशाला?

“सवाष्णीचं वाण आहे. घरात आलं का आधी नव्या किचनमधी ठेवाचं असते. परत करता येत नाही, फेकता येत नाही.”

 वाणाचं वजन मी अंदाजे बारा किलो धरलं.

२१ जानेवारी

वाण अठ्ठावीस किलो. शिवाय चिन्नोर तांदळाचं एक पोतं, पाटा-वरवंटा आणि लोखंडी उखळ. उखळ मिक्सर असताना कशाला, असं विचारल्यावर आई म्हणाली, “लाईट गेली तं?” हा मुद्दा बरोबर आहे.

बाबा खूश आहेत. “तुही माय किती मन लावून राहिली पाह्य.”

२४ जानेवारी

दुसरं वजन. आकडा पाहून मला प्रथम काट्यावर संशय आला. मर्यादेपेक्षा सातशे किलो जास्त.

पुंडलिकराव भडकले. “काटा खराब नाही माहा! सकाळपासून चौदा ट्रॅक्टर मोजले.”

मी शिडी लावून घरात चढले. किचनमध्ये आई आणि गिरणीत काम करणाऱ्या नऊ बायका. आई तिळगूळ वाटत होती. काटा होईपर्यंत पाच मिनिटं हातात होती आणि त्यांना घर पाहायचं होतं, म्हणून तिने हळदीकुंकू उरकून घेतलं. एका बाईच्या हातात वाण होतं. पितळी बंब. म्हणजे तीही घेऊन आली होती.

“आई, वजन चालू आहे.”

“मंग आमचंही होऊन जाईन. ये, तूही कुंकू लावून घे.”

बायका उतरल्या. पुंडलिकरावांनी प्रत्येकीबरोबर खाली येणारा आकडा मोठ्याने वाचला, त्यावरून थोडं भांडण झालं. सगळ्या उतरल्यावरही भार एकशे सत्तर किलो जास्तच राहिला.

बाबांनी आकडा दोनदा वाचला. निघायला दहा दिवस.

२७ जानेवारी

मी मार्ग काढला होता. किचन मागच्या टोकाला न्यायचं. तिथे ठेवलेलं वजन उलट पिकअपवरचा भार हलका करतं. फार मागे नेलं तर घर डोलायला लागतं, पण मधला बिंदू मी काढून ठेवला होता. बाबा तयार होते.

आई म्हणाली, “मागं? मागं गेलं तं चुलीचं तोंड दक्षिणेले होईन.”

“गाडी वळली की दिशा बदलते, आई.”

“तेच म्हणून राहिली मी. वळता वळता कधी ना कधी दक्षिणेले होईनच.”

मी म्हटलं, पुढे असतानाही हेच होतं. आई म्हणाली, पुढे असली की ती गाडीची चूल होते, मागे असली की घराची. बाबांनी मान हलवली. ईश्वर मिस्त्रींनीही हलवली. वर ते म्हणाले, “मागं धूळही लय येते.” हे मात्र खरं आहे, म्हणून मी प्रस्ताव मागे घेतला.

मग मी तांदळाचं पोतं उतरवायला सांगितलं. आईने लगेच उतरवलं. त्या जागी लाखोळीच्या डाळीचं पोतं ठेवलं. “ते तांदूळ होते. हे डाळ आहे.”

आई हुशार आहे, पण मुद्दा अजून पूर्ण समजलेला नाही.

३० जानेवारी

आजचं सविस्तर लिहिते, कारण आज निर्णय झाला.

सकाळी कारखान्यात गेले तर बाबा घरगाडीतून सामान काढत होते. स्वतःचं. घडीची खाट, रेडिओ, गळ टाकायची काठी, पाण्याची जादा टाकी. (टाकीबद्दल ते म्हणाले होते, “आयुष्यभर पाणी बाहेर फेकलं, आता संग घेऊन जाईन.”) सगळं एका बाजूला रचलं होतं. ईश्वर मिस्त्री पेचकस घेऊन खिडकीसमोर उभे होते.

“काच लय जड आहे,” बाबा म्हणाले. “काढून पत्रा ठोकू. गुड्डीचा काटा बसला पाहिजे.”

आई माझ्याबरोबरच आली होती. ती म्हणाली, “खिडकी?”

“हाव.”

“खिडकी कायले काढता? जमिनीखाली काय कमी अंधार पाहिला तुम्ही?”

“मंग काय काढू? किचनले हात लावाचा नाही मले. ते तुहं आहे.”

 आईचा चेहरा असा मी क्वचितच पाहिला आहे, हिशेब चुकल्यावर माझा होतो तसा. मग माझ्याकडे वळून तिने जवळजवळ ओरडूनच विचारलं, “गुड्डी, काटा काय म्हणते? खरं खरं सांग. खिडकी की काय?”

मी सांगितलं. खिडकी जवळजवळ घराच्या चाकांवर आहे, ती काढून पिकअपवरचा भार दहा किलोनेही कमी होणार नाही. खाट, रेडिओ, काठी काढूनही नाही. पूर्ण भार एकाच जागी आहे. ग्रॅनाइट, शेगडी, दोन सिलेंडर, वाण, पाटा, उखळ, बंब, पोतं. किचन काढलं तर भार मर्यादेच्या आत येतो आणि शंभरावर किलो शिल्लक राहतात. दुसरा उपाय नाही. हे मी ताडकन बोलले. एखाद्याला वाईट वाटेल म्हणून आकडा बदलत नाही.

 बाबांनी टोपी काढली.

“कुंता, तुले वाईट वाटन.”

आईने पदर तोंडावर घेतला. तिचे खांदे हलत होते. मी तिला इतकं रडताना आजीच्या वेळी पाहिलं होतं, त्यानंतर नाही. बऱ्याच वेळाने पदराआडून आवाज आला, “काट्यापुढे आपलं काय चालते वो.”

“पण खाशील काय? मी खाईन काय?”

“जे भेटन ते.”

ईश्वर मिस्त्रींनी सुचवलं की एक छोटी शेगडी पलंगाजवळ बसवून देतो, वजन काहीच नाही. बाबांचा चेहरा उजळला. आईचा पदर झटकन खाली आला. “गुड्डी, पलंगाजवळ सिलेंडर ठेवणं बरोबर आहे का?”

“नाही. धोकादायक आहे.”

“धोकादायक आहे म्हणते,” आई म्हणाली आणि पदर परत वर गेला. तिचे डोळे कोरडे होते. काही लोकांना अश्रू कमी येतात.

१ फेब्रुवारी

किचन काढलं. आईने जड मनाने स्वतः देखरेख केली. “तो पाइपही काढ गा. हा खिळा कायले ठेवला? काढ. अर्धवट कायले ठेवाचं, मन दुखते.” दारावरचं नाव फक्त तसंच राहिलं. आत आता एक चटई आहे आणि समोरच्या पत्र्यात मोठं भोक पाडून बाबांनी दुसरी खिडकी बसवली आहे. तिची काच हलकी घेतली आहे, मी तपासली.

तिसरं वजन, बाबांचं सगळं सामान परत ठेवून. शंभरावर किलो शिल्लक. पुंडलिकरावांनी पावती दिली आणि विचारलं, “बाया नाही आल्या आज?”

मी चावी बाबांच्या हातात दिली.

काल रात्री एक शंका मनात येत होती. आई इतक्या वस्तू नेमक्या ओट्याभोवतीच का ठेवत गेली? पलंगाखाली पुष्कळ जागा होती. पण आकृती तिला मीच काढून दिली होती आणि तिने ती उलटी धरली असण्याची शक्यता आहे. यापुढे आकृतीवर बाण काढत जाईन.

३ फेब्रुवारी

निघाले. कॉलनी गोळा झाली होती. गोदावरीबाईंनी वाटेसाठी भाकरी-चटणीचं गाठोडं पुढे केलं. आई म्हणाली, “राहू दे वो. वजन होते.”

गाठोडं मी ठेवून घेतलं.

५ फेब्रुवारी

मी आज भात लावला. पाणी मोजून घेतलं होतं. तरी खालून करपला आणि वरून कच्चा राहिला. कारण शोधते आहे. घरात पाय ठेवायला जागा नाही, कारण किचनमधलं सगळं इथेच आहे. एकूण सात चाळण्या निघाल्या.

८ फेब्रुवारी

पुरीहून फोन. मागे मोठा आवाज होता, मला वाटलं ट्रक. समुद्र होता.

बाबा: “गुड्डी, पलंगावर पडूनच दिसते! इकडच्या खिडकीतूनही, तिकडच्याही! आन् तुही माय सकाळपासून पाण्यात उभी आहे, निघूनच नाही राहिली!”

मी त्यांच्या पोटाची चौकशी केली. बाहेरचं जेवण, प्रवास, वय.

फोन आईने घेतला. “पोट मस्त आहे त्यायचं. देवळाचा प्रसाद, खानावळ, गाड्यावरचं, सगळं पचून राहिलं. परत येताना दोन-तीन किलो जास्त धर तुह्या हिशेबात.”

मी धरले. शिल्लक पुरेशी आहे.

तिला विचारलं, किचनची आठवण येते का?  लाटा ऐकू येत होत्या. मग आई म्हणाली, “येते ना. सकाळी उठलं की येते. मंग मी दुसऱ्या कुशीवर झोपते.”

धीराने घेते आहे.

१० फेब्रुवारी

संध्याकाळी गोदावरीबाई आल्या. फाटकाशी आणखी दोन बायका थांबल्या होत्या.

“गुड्डी, आमच्या घरचा काटा कधी करते?”

मी म्हटलं, तुमच्याकडे गाडी नाही.

“गाडी नाही, घर आहे ना. आमचे हे म्हणतात, औंदा दिघोरीच्या लग्नाचे पंचवीस पाहुणे आपल्याच घरी उतरवू. आठ दिवस. आमच्या किचनची भारक्षमता काढून दे मले. कुंता म्हणे, गुड्डीनं आकडा सांगितला का माणसं गपचूप ऐकतात.”

मी त्यांना समजावलं. घराला चाकं नाहीत, त्यामुळे अशी भारक्षमता निघत नाही. फरशी आणि भिंतींचा भार काढता येईल, पण कॉलनीचं बांधकाम जुनं आणि भक्कम आहे. पंचवीस काय, दोनशे पाहुणे आले तरी घराला काही होणार नाही.

“हे त्यायले सांगू नको,” गोदावरीबाई घाईने म्हणाल्या. मग माझ्याकडे टक लावून पाहत राहिल्या. “तुही माय म्हणते ते खरं आहे.”

“काय म्हणते?”

“काही नाही. पोरगी लय सरळ आहे म्हणते.”

फाटकाशी जाऊन त्यांनी बाकीच्या दोघींना काहीतरी सांगितलं आणि तिघी बराच वेळ हसत होत्या. त्यात हसण्यासारखं काय होतं ते कळलं नाही. तरी उद्या टेप घेऊन त्यांच्याकडे जाते आहे. मोजल्याशिवाय नाही म्हणणं मला बरं वाटत नाही.